राज्य, सीमा आणि शासन यांत नेमका फरक काय? सोपं उदाहरण द्या.

जिवती तालुक्यातली (जि. चंद्रपूर) १४ गावं घ्या. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतं आमची. ही झाली सीमा. शासन म्हणजे तिथं प्रत्यक्ष काय पोचतं ते: कित्येक घरांत दोन्हीकडचं रेशनकार्ड, दोन्हीकडचं मतदान ओळखपत्र, गावात मराठी शाळा अन् तेलुगू शाळाही. मतं मागायला दोन्हीकडचे पुढारी हजर. जमिनीच्या पट्ट्याचं विचारा, मग बघा कोण थांबतं!

राज्यशास्त्रातल्या ‘राज्या’ला भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व लागतं. चौथं आपल्याकडे फक्त भारत या देशाकडे आहे, महाराष्ट्र-तेलंगणासारख्या घटकराज्यांकडे नाही. म्हणून घटकराज्यांच्या सीमा संसद बदलू शकते, संविधानाच्या कलम ३ नुसार. विदर्भही १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तो संसदेच्या कायद्यानंच.