थर्ड पार्टी विम्यात गाडीतले मित्र येतात का?

प्रश्न : माझी ११९७ सीसीची गाडी बारा वर्षांची झाली, म्हणून यंदा फक्त थर्ड पार्टी विमा घेतला. माझ्या हातून अपघात झाला, तर सोबत बसलेल्या मित्रांना भरपाई मिळेल का? एजंट म्हणतो, सगळं कव्हर आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही आणि विमा कंपनी सोडून तिसरा : पादचारी, दुचाकीस्वार, समोरच्या गाडीतली माणसं. तुमच्या खासगी गाडीत फुकट बसलेला मित्र नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरला जात नाही. चूक तुमची ठरली, तर त्याची भरपाई तुमच्या खिशातून जाते. (चूक समोरच्याची असेल, तर त्या वाहनाच्या विम्याकडे मागता येते.) सर्वसमावेशक पॉलिसीत (जी तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देते) मात्र हा भार कंपनीवर असतो, विमा नियामकाने २००९ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. जुन्या गाडीचा विमा उतरवताना लोक पत्र्याचा हिशेब करतात, आत बसणाऱ्यांचा राहून जातो.

आता पॉलिसीतला हप्त्याचा तक्ता काढा. १००० ते १५०० सीसीसाठी मूळ थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ पासून ३,४१६ रुपये ठरवून दिला गेला. तो सगळ्या कंपन्यांना सारखाच, त्यामुळे एखादीचा आकडा कमी दिसला तर काहीतरी वगळलेलं असतं. बहुधा ‘टीपीपीडी’पुढे (म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपुढे) ६,००० लिहिलेलं सापडेल. या भरपाईची मर्यादा एरवी साडेसात लाख असते. ती सहा हजारांवर आणली की हप्त्यात शंभर रुपये सुटतात. सहा हजारांत हल्ली एक हेडलाइटही येत नाही! ही सवलत घेऊ नका.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा. त्यासाठी गाडी तुमच्या नावावर आणि लायसन्स चालू हवं. सोबतच्यांसाठी ‘अनामित प्रवासी’ अपघात विमा माणशी कमाल दोन लाखांचा जोडून मिळतो, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरता. हॉस्पिटलचं बिल त्यात बसत नाही. पगारी चालक असेल, तर त्याच्यासाठीचे ५० रुपये भरलेत का, तेही बघा.

प्रश्न : लायसन्सची मुदत संपली असताना अपघात झाला तर?

उत्तर : जखमीला पैसे आधी कंपनीने द्यावेत आणि मग ते तुमच्याकडून वसूल करावेत, असा आदेश मोटार अपघातांचे दावे ऐकणारी न्यायाधिकरणं अनेकदा देतात. हप्ता भरूनही रक्कम शेवटी तुमच्याच अंगावर येते.