गोलकीपरला सारखं लोनवर का पाठवतात? आणि इतर प्रश्न

इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या विभागांतल्या गोलकीपरांबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले, त्यातले काही घेतो. वर प्रीमियर लीगचे 20 क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू यांचे प्रत्येकी 24. खालचे विभाग म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे शेवटचे दोन आणि त्याखालची नॅशनल लीग आहे.

प्रश्न: एका गोलकीपरने शेवटच्या क्षणी गोल मारून अख्खा क्लब वाचवला, अशी रील फिरते आहे. खरं की मीठमसाला? (कोल्हापूर)

खरं आहे. दिवस 8 मे 1999, मैदान ब्रंटन पार्क, गाव स्कॉटलंडच्या सीमेलगतचं कार्लाइल. कार्लाइल युनायटेड 1928 पासून लीगमध्ये, म्हणजे या वरच्या विभागांत, होती. त्या काळी चौथ्या विभागातून एकच संघ लीगबाहेर फेकला जायचा आणि ती पाळी कार्लाइलवर आली होती. त्यांच्या जरा वर असलेल्या स्कारबरोचा सामना 1-1 असा संपून गेला होता आणि त्यांचे पाठीराखे जल्लोष करत होते. इकडे कार्लाइल आणि प्लिमथही 1-1. जिंकलं नाही तर खेळ खलास.

भरपाई वेळेतलं चौथं मिनिट. कॉर्नर मिळाला. गोलकीपर जिमी ग्लासने बाकाकडे पाहिलं, मॅनेजर नायजेल पिअर्सनने हात केला, 'जा पुढे'. ग्लास धावत सुटला आणि थेट प्लिमथच्या गोलसमोर पोहोचला. स्कॉट डोबीने हेडर मारला, प्लिमथच्या कीपरने तो अडवला, पण चेंडू हातात राहिला नाही. सुटलेला चेंडू ग्लासच्या पुढ्यात पडला आणि त्याने उजव्या पायाने तो जाळ्यात ठोकला. बचावपटूंनाही पायच घालता आला नाही, कारण ग्लासवर लक्ष ठेवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पुढच्या क्षणी मैदानात माणसंच माणसं. कार्लाइल वाचली, स्कारबरो बाहेर. तो क्लब नंतर सावरलाच नाही, 2007 मध्ये बंद पडला. रीलमध्ये हा भाग नसतो.

आता गंमत पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल 1998 मध्ये, बोर्नमथकडून वेम्बलीवर ऑटो विंडस्क्रीन्स शील्ड या खालच्या विभागांतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळताना याच ग्लासच्या नावावर स्वयंगोल लागला होता. बोर्नमथ ग्रिम्सबीकडून 2-1 हरली.

प्रश्न: असा गोल मारल्यावर त्याला मोठ्या क्लबांनी उचललं असेल ना? (नाशिक)

नाही. तो मुळात कार्लाइलचा नव्हताच. स्विंडन टाउनकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना आलेला, कार्लाइलसाठी एकूण तीन सामने खेळला आणि परत गेला. कीपरला काम मिळतं ते गोल अडवण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे. स्विंडनला त्याची गरज आधीही नव्हती, नंतरही पडली नाही. पुढे केंब्रिज युनायटेड, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड युनायटेड अशी दारं झाली, सामने मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिशीच्या आतच लीग फुटबॉल संपलं. जुगाराच्या व्यसनाबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोलला आहे. मग डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली आणि पुढे बोर्नमथ क्लबातच खेळाडूंच्या अडीअडचणी पाहण्याचं काम मिळालं. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीचा खरा ऐवज बोर्नमथकडून खेळलेले नव्वदहून अधिक लीग सामने हा आहे. पण ते कोण दाखवणार?

प्रश्न: गोलकीपरच सारखे लोनवर का जातात? (पुणे)

कारण जागा एकच. बचावपटू उजवीकडून डावीकडे सरकवता येतो, आक्रमक खेळाडू शेवटची वीस मिनिटं उतरवता येतो. दुसऱ्या क्रमांकाचा कीपर मात्र पहिला जायबंदी होईपर्यंत किंवा त्याला लाल कार्ड मिळेपर्यंत बाकावरच. मोठ्या क्लबांकडे असे तरुण कीपर तीन-चार असतात, खालच्या क्लबांना दोघांचा पगार जड जातो. मग देवाणघेवाण होते. कीपरचं लग्नातल्या भटजीसारखं आहे: लागतो एकच, पण तो आला नाही तर सगळं कार्य अडतं. म्हणून लीगच्या नियमांतही त्याच्यासाठी खास सोय आहे. संघाकडे खेळू शकणारा व्यावसायिक कीपरच उरला नाही, तर परवानगी घेऊन सात दिवसांसाठी बाहेरून आणता येतो, एरवी खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपलेली असली तरी. 1999 मध्ये कार्लाइलने नेहमीचा कीपर विकला होता, लोनवर आणलेला मूळ क्लबने परत बोलावला. मुदत टळून गेलेली, म्हणून लीगकडून विशेष परवानगी काढली आणि ग्लास आला.

प्रश्न: इतक्या खालून कुणी इंग्लंडच्या संघात पोहोचतं का? (ठाणे)

पोहोचतं. निक पोपला इप्सविचने सोळाव्या वर्षी सोडून दिलं. तो बेरी टाउन या छोट्या क्लबात खेळू लागला, तिथून 2011 मध्ये चार्लटनने घेतलं. घेतलं म्हणजे लगेच खेळवलं असं नाही. हॅरो बरो, केंब्रिज सिटी, ऑल्डरशॉट, यॉर्क, बरी अशी लोनवर वणवण झाली. 2016 मध्ये बर्नली आणि 2018 च्या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या चमूत नाव. त्याआधीचं उदाहरण डेव्ह बीझंट. विम्बल्डनबरोबर तो चौथ्या विभागातून पहिल्या विभागापर्यंत चढला आणि 1988 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. कर्णधारही तोच होता.

शिवाय कीपरला वय जरा उशिरा गाठतं. पीटर शिल्टन उलट्या दिशेने गेला: इंग्लंडचं सगळं करून झाल्यावर शेवटी चौथ्या विभागातल्या लेटन ओरिएंटकडे. तिथे डिसेंबर 1996 मध्ये, 47 व्या वर्षी, त्याने आपला हजारावा लीग सामना खेळला.

प्रश्न: सामना चालू असताना पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) खाणारा तो कीपर कोण? (लंडन)

सटन युनायटेडचा राखीव कीपर वेन शॉ, फेब्रुवारी 2017, समोर आर्सेनल. खाण्याला कुणाची हरकत नव्हती. पण तो खाईल यावर पैजा लागल्या होत्या आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याला क्लब सोडावा लागला, वर 375 पौंड दंड आणि दोन महिन्यांची बंदी.

प्रश्न: मुलगा 16 वर्षांचा, चांगला कीपर आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या लहान क्लबात चाचणीला पाठवू का? एजंट पैसे मागतो आहे. (पणजी)

पैसे देऊ नका. 18 वर्षांखालच्या परदेशी खेळाडूची नोंदणी फिफाच्या नियमांनुसार काही अपवाद सोडता होतच नाही. 18 नंतर इंग्लंडमध्ये करारासाठी गुणांची पद्धत आहे. राष्ट्रीय संघातले सामने, आधीच्या लीगचा दर्जा असं पाहतात आणि इथून जाणाऱ्या नवख्या मुलाचे ते गुण भरणं फार कठीण. 'आधी शिक्षणाच्या व्हिसावर जा, मग खेळ' असंही तो एजंट सांगेल. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला बंदी आहे आणि अर्धवेळ पैसे घेऊन खेळणंही त्यात धरलं जाऊ शकतं. कॉलेजच्या संघातून हौसेने खेळला तर हरकत नाही. तोवर त्याला गोव्यातल्या लीगमध्ये सामने मिळू देत. आणि पायाने चेंडू खेळायला शिकवा, कारण 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास कीपरला हाताने उचलता येत नाही.