तिकिटं विकणारा हिरो

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद. आजीच्या फोनवरून तू पाठवलेले दोन्ही प्रश्न मिळाले. पहिला: परवा बालगंधर्वला नाटकात जे काका होते ते तर सिनेमातही असतात, मग रोज तेच ते नाटक का करतात, त्यांना सिनेमे मिळत नाहीत का? आणि दुसरा: पूर्वी एक हिरो थिएटरच्या खिडकीत बसून स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं विकायचा असं आजी म्हणते, ती थाप आहे ना?

थाप नाही. ते राजा गोसावी. जन्म १९२५चा, सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा. सिनेमात शिरले ते मागच्या दाराने. मास्टर विनायकांकडे पडेल ते काम करायचं आणि बोलावलं की गर्दीत उभं राहायचं. पुढे पुण्यात भानुविलास थिएटरात त्यांनी बुकिंग क्लार्कची नोकरी धरली. १९५२ साली राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' आला. महिन्याभरात लाख रुपये खर्च करून दाखवायची अट, आणि त्यात अडकलेले दोन मित्र. एक स्वतः परांजपे, दुसरे गोसावी. पडद्यावर लाख रुपये संपता संपत नाहीत आणि बाहेर खिडकीत तोच माणूस सुट्टे मोजून देतोय, ही गोष्ट जुने पुणेकर अजून रंगवून सांगतात. आजीने तर त्यात थोडी भरच घातली असणार.

हिरो झाल्यावरही नोकरी का, असं तुला वाटेल. पुण्यात प्रभात कंपनी होती तेव्हा नटांना महिन्याचा पगार असायचा. कंपन्या बंद पडत गेल्या, पगार गेला. (प्रभातच्या त्याच जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मामाला सांग, बाहेरून तरी दाखवेल.) मराठी सिनेमे मुळात थोडे, त्यांचं बजेट त्याहून थोडं. एक सिनेमा संपला की दुसरा कधी, ते कुणालाच माहीत नसायचं. नाटकात मात्र नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्याला 'नाईट' म्हणतात, प्रयोग दुपारचा असला तरी! महिन्याचे पंचवीस प्रयोग लागले की घर चालतं. म्हणून आपल्याकडे सिनेमातली माणसंही बस भरून दौऱ्यावर निघत. अशोक सराफ कितीतरी वर्षं स्टेट बँकेत नोकरी सांभाळून नाटकं करत होते, ते याच हिशेबाने.

पण नुसता पैशाचाच हिशेब असता, तर पैसा मिळाल्यावर त्यांनी नाटक सोडलं असतं. सोडत नाहीत, कारण विनोदी नटाची खरी शाळा तिथे असते. सिनेमात विनोद करताना समोर कॅमेरा आणि तोंड मिटून उभी असलेली माणसं. हसू आलं की नाही, ते कळायला सहा महिने. नाटकात ते त्याच क्षणी कळतं. लोक हसत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाहून गेलं, हशा पार विरल्यावर टाकलं तर सगळं नाट्यगृह गार. हशा उतरणीला लागतो तेवढ्यात शब्द यायला हवा, आणि ती उतरण रोज वेगळ्या जागी येते. रविवारी दुपारी जेवून आलेली मंडळी उशिरा हसतात. आपले पुणेकर तर आधी हसावं की नाही ते ठरवतात, मग हसतात. तेव्हा तुला दिसलं ते 'तेच ते नाटक' असलं, तरी त्या काकांना ते रोज नव्याने मांडावं लागतं.

गोसावी यात पक्के होते. गडकऱ्यांचं 'भावबंधन' असो की वसंत सबनीसांचं 'सौजन्याची ऐशी तैशी', चेहऱ्यावर कमालीचा भाबडेपणा ठेवून ते वाक्य टाकत. मला ते आदळआपट करून हसवणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे वाटतात. आजीचं मत वेगळं आहे, तिला शरद तळवलकर जास्त आवडतात. त्यावरून आमची भांडणं झालेली आहेत. १९९८च्या फेब्रुवारीत सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी मेकअप करत असतानाच गोसावींना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय बहात्तर, आणि तरीही त्या दिवशीचा प्रयोग लागलेलाच होता.

आता दिवस बदललेत. मालिका आहेत, जाहिराती आहेत, तिथे पैसा बरा मिळतो. तरी प्रशांत दामले यांनी २०२२ साली आपला साडेबारा हजारावा प्रयोग केला. एवढ्या वेळा तिसरी घंटा ऐकायची म्हणजे नुसत्या पोटासाठी होत नाही ते.

पुढच्या वेळी आजीला बाल्कनीचं तिकीट काढू देऊ नकोस, तिथून चेहरा दिसत नाही. थेट खिडकीवर जाऊन प्लॅन बघा आणि मधल्या रांगा मागा. नटाकडे तो बोलत असतो तेव्हा नाही, समोरचा बोलत असतो तेव्हा बघ. आणि 'लाखाची गोष्ट' मी येईपर्यंत थांबू नका, दोघी मिळून बघून टाका. एक लाख संपवणं तेव्हा इतकं अवघड का होतं ते आजीलाच विचार, तिच्या आईने सांगितलेले सगळे भाव तिला पाठ आहेत.

तुझा,
बाबा