कुलूप दिसलं म्हणजे साइट सरकारी?

प्रश्न : सरकारी अर्ज भरताना पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसतं. मग ओळखपत्राची प्रत निर्धास्तपणे अपलोड करावी का?

उत्तर : नाही. वाटेत तुमची माहिती कुणाला वाचता येणार नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय, ते नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे बनावट साइटवरही कुलूप असतं. खरी ओळख पत्त्यात असते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. शेवटचे दोन-तीन शब्द साइट कुणाची ते सांगतात. त्यांच्या डावीकडे खात्याचं नाव कुणीही घालू शकतं.

प्रतीवरचा एखादा क्रमांक झाकायचा असेल, तर आधी खातं ते चालवून घेतं का पाहा, नाहीतर अर्ज परत येतो. झाकताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढणं. तो मजकुराच्या वर वेगळा बसतो. खालचा मजकूर निवडून कॉपी केला, की क्रमांक जसाच्या तसा हाती येतो. चौकोन काढलेलं पान चित्र म्हणून सेव्ह करा, त्या चित्राची नवी पीडीएफ करा आणि कॉपी करून तपासा. पुसट करण्यावर विसंबू नका, पुसट आकडे कधी कधी ओळखता येतात. प्रतीवर आडवं ‘फक्त या अर्जासाठी’ आणि तारीख लिहा. चोरलेली प्रत दुसरीकडे वापरणं त्यामुळे अवघड होतं.

प्रश्न : दुसऱ्याच्या संगणकावर खाजगी विंडो पुरेशी आहे का?

उत्तर : ती फक्त इतिहास आणि कुकीज पुसते. उतरवलेली पावती डाउनलोड्समध्ये तशीच राहते. ती काढा, रिसायकल बिनही रिकामं करा. कीबोर्डवर दाबलेल्या कळा टिपणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर ही विंडो काहीच रोखत नाही.

प्रश्न : कार्यालयात माझी माहिती कुणी उघडली, हे कळू शकतं का?

उत्तर : नोंद ठेवणारी व्यवस्था असेल तर कळतं, आणि आमच्या मते कुलपापेक्षा ही नोंद मोलाची आहे, कारण आतल्या माणसाला कुलूप अडवत नाही. एस्टोनियात कोणत्या संस्थेनं आपली माहिती कधी पाहिली, हे नागरिकाला सरकारी पोर्टलवर दिसतं. मात्र सगळ्या नोंदवह्या त्यात नाहीत. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार आपल्याबद्दलची माहिती मागता येते, आणि उत्तर साधारण महिनाभरात द्यावं लागतं. मागणी लेखी करा, कालावधी नेमका लिहा आणि माहिती कोणत्या कारणासाठी उघडली हेही विचारा.