एक लाख साठ हजारांचा डीजे कंट्रोलर हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: वय २४, राहणार म्हार्दोळ (गोवा), नोकरी कुंडई आयडीसीत (औद्योगिक वसाहतीत). हातात येणारा पगार २४,०००. घरी ८,००० देतो, बाइकचा हप्ता ३,२००, पेट्रोल-मोबाइल-खाणे मिळून ५,०००. एफडी ७०,००० ची. डीजे व्हायचे आहे. वर्षभर मोबाइलच्या ॲपवर आणि कधी मित्राच्या सेटवर हात बसवला आहे. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स१० हा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचे यंत्र) मला १,६०,००० ला मिळतो. क्रेडिट कार्डवर १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचे हप्ते होतील. सीझनला महिन्याला चार प्रोग्राम, प्रत्येकी ५,००० धरले तर हप्ता सुटतो. दुकानात ५,००० टोकन दिले आहे. लॅपटॉप आय५, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. घ्यावा का?

उत्तर: हा नको. डीजेचे सामान मात्र घ्या, साधारण ४३,००० चे, आणि तेही एकदम नाही, ऑक्टोबरअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने.

आधी तुमचेच आकडे. सगळे खर्च गेल्यावर महिन्याला ७,८०० उरतात. १,६०,००० वर १६ टक्के दराने २४ महिन्यांचा हप्ता येतो ७,८३४. म्हणजे पहिल्याच महिन्यात ३४ रुपये कमी. कार्डाच्या हप्त्यात व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. पहिल्या महिन्याचे व्याज २,१३३, त्यावर जीएसटी ३८४, म्हणून प्रत्यक्ष भरायचे ८,२१८. दोन वर्षांत व्याज सुमारे २८,००० आणि त्यावरचा जीएसटी ५,००० च्या घरात. बँक प्रोसेसिंग फी लावते ती निराळी. एक हप्ता चुकला तर थकलेल्या रकमेवर कार्डाचे नेहमीचे व्याज चढते, आणि ते वर्षाला ३६ ते ४२ टक्के असते. त्या महिन्यात बाइकचे क्लच प्लेट गेले, तरी तुम्ही त्या खड्ड्यात.

राहिले सीझनचे गणित. किनारपट्टीचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, त्यातही खरी गर्दी नाताळ ते नववर्ष. जून ते सप्टेंबर शॅक (किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहे) उतरवलेले असतात. हप्ता मात्र बारा महिने येतो. नवख्याला पहिल्या सीझनला महिन्याला चार प्रोग्राम आणि तेही पाच-पाच हजारांनी मिळतील, हा अंदाज आशेवर बेतलेला आहे. कर्ज आशेवर घेऊ नये, हातात असलेल्या ऑर्डरवर घ्यावे. तुमच्या पत्रात एकाही प्रोग्रामची तारीख नाही.

आणि हा कंट्रोलर कमाई वाढवतो का, हाही प्रश्न आहे. बागा-कळंगुटच्या क्लबमध्ये टेबलावर सहसा सीडीजे (पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवणारे प्लेअर) आणि डीजेएम मिक्सर आधीच मांडलेले असतात. तिथे तुमचा पावणेसात किलोचा एफएलएक्स१० ठेवायला जागाही नसते. डीजे येतो तो हेडफोन आणि दोन पेन ड्राइव्ह घेऊन. हॉलमधला साखरपुडा किंवा वाढदिवस असेल तर साउंडवाला स्पीकर, मिक्सर, माइक, लाइट सगळे आणतो. तुम्हाला आणायचा असतो फक्त कंट्रोलर आणि लॅपटॉप, आणि तिथे दोन चॅनल (एका वेळी दोन गाणी) पुरतात. एफएलएक्स१० मध्ये चार चॅनल आहेत, सेराटो प्रो हे डीजे सॉफ्टवेअर सोबत येते, लांब केबलला चालणारा एक्सएलआर आउट आहे. यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण दोन गाणी एका तालावर धरायला शिकताना तिसरे-चौथे चॅनल धूळ खातात.

तुमच्यासाठी डीडीजे-एफएलएक्स४. दोन चॅनल, वजन दोन किलोच्या आसपास, वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून, किंमत तीस-पस्तीस हजारांत. लॅपटॉपला जोडला की रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरची परफॉर्मन्स (थेट वाजवायची) बाजू वेगळे पैसे न देता चालू होते. खरे कारण हेच रेकॉर्डबॉक्स आहे. घरी त्यात गाणी लावली, क्यू पॉइंट (गाणे जिथून सुरू करायचे त्या खुणा) टाकले आणि पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट केले, की तीच लायब्ररी क्लबच्या सीडीजेवर उघडते. हर्क्युलीसचा इनपल्स २०० हा कंट्रोलर याच्या निम्म्याने मिळतो आणि आवड टिकते का हे पाहायला चांगला आहे. पण तुम्ही ती पायरी वर्षभर मोबाइलवर चढलात, पुन्हा त्यावर पैसे घालू नका.

एफएलएक्स४ ची एक उणीव माहीत असू द्या. मास्टर आउट (साउंडवाल्याकडे आवाज नेणारी जोडणी) फक्त आरसीए आहे, बॅलन्स्ड (लांब केबलवरही घुंघुं न येणारी) नाही. दहा-पंधरा मीटर आरसीए केबल ओढून साउंडवाल्याच्या मिक्सरला लावली की घुंऽऽ आवाज येतो. उपाय: दीड-दोन मीटरची आरसीए ते मोठा जॅक केबल घ्या, आणि साउंडवाल्याला तुमच्या टेबलावर स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) ठेवायला सांगा. तरी घुंघुं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, कंट्रोलरचा नाही. घोषणांचा वायरलेस माइकही साउंडवाल्याच्या मिक्सरलाच लावा, कंट्रोलरच्या माइक इनपुटला नको.

आता पैसे कुठून. ७०,००० सगळे मोकळे नाहीत. तुमचा महिन्याचा ठरलेला खर्च १६,२००. तीन महिन्यांचे ४८,६०० बाजूला राहिलेच पाहिजेत, कारण खाजगी नोकरी आहे आणि घरात तुमच्या ८,००० ची सवय आहे. उरले २१,४००. एफडी एकच असेल तर मुदतीआधी मोडताना बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. मोडायचीच आहे, तर परत लावताना दोन तुकडे करा म्हणजे पुढच्या वेळी सगळी मोडावी लागणार नाही.

जुलैत २१,४०० अधिक ७,८०० म्हणजे २९,२००. त्यातून पहिली खरेदी लॅपटॉपला एसएसडी (वेगवान डिस्क), साधारण ४,०००. हे आधी का? जुन्या हार्ड डिस्कवर गाणे लोड होताना अडखळते, आणि लोक कंट्रोलरला दोष देतात. रेकॉर्डबॉक्स फुकट उतरवा आणि पावसाळ्यात फक्त लायब्ररी बांधा: प्रत्येक गाण्याचा बीट ग्रिड (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) तपासा, पहिल्या ठोक्यावर क्यू टाका. जुनी कोकणी आणि मराठी गाणी खऱ्या ढोलकी-ताशावर वाजवलेली असतात, त्यांचा वेग मध्येच सरकतो आणि सॉफ्टवेअरचा ग्रिड चुकतो. ती हाताने दुरुस्त करावी लागतात. हे काम वेळ खाते, पैसा नाही.

ऑगस्टला ७,८०० येतील, ५,००० चे बंद कपाचे हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निकाचे एम२०एक्स या पट्ट्यात बसते. नॉइज कॅन्सलिंगचे ब्लूटूथ हेडफोन नकोत. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एक ठोका ०.४८ सेकंदाचा असतो आणि ब्लूटूथ सहज ०.१५ ते ०.२ सेकंद मागे राहतो. एवढ्या फरकात ठोका जुळला की नाही, हे कानाला कळणारच नाही. ब्लूटूथ पार्टी स्पीकरचेही तेच, त्याला ऑक्स केबल असेल तरच घरच्या सरावाला लावा.

सप्टेंबरला मी ७,८०० धरलेले नाहीत, ३,००० च धरले आहेत. चवथ (गणेश चतुर्थी) येते. माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची सजावट), फराळ, पाहुणे, कपडे यात उरलेले जातातच, आणि जाऊ द्यावेत. सणाच्या महिन्यात बचतीचे आकडे कागदावर पूर्ण दाखवणारी योजना पुढच्या महिन्यात मोडते.

ऑक्टोबरअखेर तुमच्याकडे ३८,८०० असतील. कंट्रोलर ३२,००० धरला, केबल आणि पेन ड्राइव्ह मिळून २,०००. उरले ४,८००. एका गाण्याला सव्वाशे-दीडशे पडतात, तेव्हा त्यातल्या तीनेक हजारांत वीस-बावीस गाणी विकत घेता येतील. दसरा-दिवाळीच्या सवलतीत कंट्रोलर दोन हजार स्वस्त मिळाला तर तो फरक पुन्हा आपत्कालीन निधीत टाका. फिरत्या दिव्यांवर खर्च करू नका, ते साउंडवाल्याकडे असतातच.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीचे दोन घ्या, एकावर भागवू नका. विंडोजचे नेहमीचे टूल त्याहून मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ (सीडीजेला चालणारे फॉरमॅट) करत नाही, आणि एनटीएफएस ड्राइव्ह सीडीजे ओळखत नाही. गाणी ३२० केबीपीएस एमपी३ ठेवा. फ्लॅक फाइल जुन्या सीडीजेवर वाजत नाही, हे क्लबमध्ये जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. कंट्रोलर हबमध्ये नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नाही. प्रोग्रामच्या आधी वायफाय बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी विंडोजची सेटिंग) बंद. आवाज चर्र झाला तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर २५६ वरून ५१२ करा. आवाजाचे दिवे लाल होऊ देऊ नका. लाल दिव्यावर जोर येत नाही, आवाज फाटतो, आणि साउंडवाला तुमचा फेडर (आवाजाचा सरकता दांडा) खाली ओढतो.

जुना एफएलएक्स४ किंवा त्याआधीचा डीडीजे-४०० मिळाला तर चालेल, पण नव्याच्या ६० टक्क्यांहून जास्त देऊ नका. तपासताना प्ले आणि क्यू बटणे पन्नास वेळा दाबा, सगळ्यात आधी तीच जातात. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा दांडा) पूर्ण एका बाजूला नेऊन दुसऱ्या बाजूचे गाणे पुसट ऐकू येते का बघा. इक्यू (जाड-बारीक आवाजाची बटणे) फिरवताना कर्कर, हेडफोन जॅक हलवल्यावर एक कान जाणे, यूएसबी पोर्ट सैल असणे, यांपैकी काहीही असेल तर उठून या. समुद्राकाठच्या घरातला माल असेल तर फेडर जास्त बारकाईने पाहा, खारी हवा आत शिरते. तुमचाही कंट्रोलर पावसाळ्यात सिलिका जेल टाकून बंद कव्हरमध्येच ठेवा. आखातातून कोणी नातेवाइकाने आणून दिला तर स्वस्त पडतो, पण भारतातली वॉरंटी बहुधा मिळत नाही, आणि अशा यंत्रावर पहिल्या वर्षाची वॉरंटी मोलाची असते.

यात हा सीझन वाया जातो, असे तुम्हाला वाटेल. जात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एखाद्या साउंडवाल्याबरोबर शनिवार-रविवार केबल ओढायला जा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतात, म्हणून संध्याकाळी सात ते दहाचे काम नोकरी सांभाळून जमते. शिगम्यापर्यंत हॉलचे मालक, केटरर आणि साउंडवाले तुम्हाला ओळखतील. प्रोग्राम त्यांच्याकडून येतात, कंट्रोलरच्या मॉडेलवरून नाही.

कमाई सुरू झाली की वेगळे बचत खाते उघडा आणि प्रत्येक मानधनाचा अर्धा भाग त्यात टाका. मोठ्या यंत्राच्या किमतीचा निम्मा भाग तिथे साठला आणि पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा ॲडव्हान्ससह लिहिलेल्या असतील, तर उरलेल्या निम्म्यासाठी १२ महिन्यांचा हप्ता घ्यायला माझी हरकत नाही. तोवर सगळी बिले स्वतःच्या नावावर घ्या. तुमच्या एवढ्या पगारावर आज कर नाही, पण इव्हेंटवाल्याने टीडीएस कापला तर तो रिटर्न भरल्यावरच परत मिळतो. व्यवसायाचे उत्पन्न दाखवाल तेव्हा कंट्रोलरवर घसाराही लावता येतो.

टोकनचे पाच हजार परत मागू नका, दुकानदार टाळाटाळ करील. ते एफएलएक्स४ च्या बुकिंगवर वळवून घ्या, ऑक्टोबरची तारीख आणि आजचा भाव पावतीवर लिहून.