नवीन पिढीच्या कार्डाची वाट जरूर बघा, पण पुण्याच्या बिलावर घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत राहता, आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर आहे, एनव्हिडियाचं १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला पुरत नाही, बजेट पंचेचाळीस हजार. एनव्हिडियाची पुढची पिढी येईपर्यंत थांबायचं की तिची स्पर्धक एएमडी यंदा बाजी मारणार म्हणून तिकडं वळायचं? आणि शेवटी, जाता जाता, "कार्ड पुण्याहून भाऊ घेऊन येईल, तिथं दोन-तीन हजार स्वस्त पडतं."

सगळे वरच्या प्रश्नावर तुटून पडलेत. मी या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय.

आधी थांबण्याबद्दल. पिढी, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते उगाळत नाही. जुनं कार्ड चालतंय तोवर थांबायला काहीच हरकत नाही. १६६० सुपर २०१९ चं, ट्युरिंग पिढीचं आहे. एनव्हिडियाने २०२५ मध्ये मॅक्सवेल आणि पास्कल या त्याआधीच्या पिढ्यांचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठीचे अपडेट) थांबवले, त्यात तुमचं कार्ड नाही. पण स्टेजवर सांगितलेल्या किमतीवर थांबू नका. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाच्या ३०८० कार्डाचे ६९९ डॉलर ऐकून आमच्या ग्रुपमध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. पुढची दोन वर्षं कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणाऱ्या मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली आणि १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंग बंद केलं तेव्हा कुठं बाजार जमिनीवर आला. २०२५ च्या जानेवारीत "५०७० म्हणजे ४०९० ची ताकद, ५४९ डॉलरात" अशी एनव्हिडियाची घोषणा झाली. ती ताकद डीएलएसएस ४ ने, म्हणजे एआयने, मधे बनवून घातलेल्या फ्रेम धरून होती. मेमरी मात्र ५०७० ला १२ जीबी, ४०९० ला २४ जीबी. ब्लेंडरमध्ये जड सीन उघडला की बनवलेल्या फ्रेम काय कामाच्या? आणि ते ५४९ भारतात येईपर्यंत ५९,००० पासून सुरू झाले, कारण अमेरिकेतल्या किमतीत कर नसतो आणि इथं १८ टक्के जीएसटी वर चढतो.

स्पर्धा खोटी आहे असं मी म्हणत नाही. त्याच जानेवारीत एएमडीने ९०७० गुलदस्त्यात ठेवलं, समोरच्याचे आकडे बघितले आणि मार्चमध्ये ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला काढलं. तोवर एनव्हिडियाचं ५०७० टीआय ७४९ ला जाहीर झालं होतं. एवढा फरक पडतो. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये बी५८० हे १२ जीबीचं कार्ड २४९ डॉलरला आणलं, तेही चांगलंच झालं. पण दोघा मोठ्यांचं दळण एकाच गिरणीत आहे, तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत. मेमरीही त्याच दोन-तीन कंपन्यांकडून येते आणि तिथं एआयवाले पिशव्या घेऊन आधीच रांगेत उभे. एनव्हिडियाच्या जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षाची विक्री १३०.५ अब्ज डॉलर, त्यात डेटा सेंटर ११५ अब्ज, गेमिंग जेमतेम ११. तुमच्या-माझ्यासाठी ते एकमेकांचे गळे धरतील ही आशा सोडा. २०२५ च्या अखेरीस साध्या रॅमच्या किमती कशा चढल्या ते बघितलंच असेल. पुढची पिढी वेगवान येईल, स्वस्त येईल असं मला तरी वाटत नाही. (हे माझं मत. मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, माझ्याकडं दोघांचीही कार्डं होऊन गेलीत.)

आता पुण्याचं बिल.

माझं बेळगावातल्या शहापुरात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालतं. मायनिंगची लाट ओसरल्यावर ३०६० घेतलं, १२ जीबीचं, पुण्याहून, मेहुण्यांच्या हातून. बिल त्यांच्या नावाचं, पत्ता पुण्याचा. नवं कोरं सीलबंद, तीन वर्षांची वॉरंटी. पुढच्या पावसाळ्यात स्क्रीनवर हिरव्या रेघा यायला लागल्या आणि मग एक दिवस डिस्प्लेच गेला. दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं, तिथंही तेच.

दुकानदार सरळ म्हणाला, आम्ही फक्त विकतो, वॉरंटी कंपनीच्या सर्व्हिस पार्टनरकडं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, त्यांचे फलक बदलत असतात. त्यांच्या साइटवर फॉर्म भरला, म्हणजे तक्रारीचं टिकीट काढलं. राज्य निवडायचं, मी कर्नाटक निवडलं. पिन ५९० चा टाकल्याबरोबर कर्नाटकातलं एक केंद्र आलं. कार्ड बॉक्ससकट घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरानं बिल बघितलं आणि परत माझ्याकडं सरकवलं. "बिल महाराष्ट्राचं आहे सर, तिकडच्या सेंटरला द्या." बरं, म्हणून महाराष्ट्रातल्या केंद्रावर गेलो. तिथं म्हणे, "टिकीट कर्नाटकचं आहे, आमची सिस्टीम घेत नाही." नवीन टिकीट काढायला गेलो तर सिरीयल नंबर आधीच एका टिकिटात अडकलेला. ते बंद व्हायची वाट बघा म्हणाले. बंद झालं, त्यावर शेरा काय? "ग्राहकाने वस्तू सादर केली नाही."

भाषेचा प्रश्न नव्हता हो. एकाशी कन्नडात बोललो, दुसऱ्याशी मराठीत, दोघंही बिचारे गोडच बोलत होते. अडत होतं ते राज्य निवडायच्या त्या ड्रॉपडाउनमध्ये. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यात आमच्या कार्डाची भर पडली म्हणून बायको हसायची. मला हसू येत नव्हतं, कारण तुळशीचं लग्न उरकलं होतं, मुहूर्त सुरू झाले होते आणि मी भाड्याच्या मशीनवर रात्री काढत होतो.

मग मेहुण्यांच्या नावानं, पुण्याच्या पत्त्यावरून टिकीट काढलं, त्यांचं अधिकारपत्र जोडलं. या वेळी कार्ड काउंटरवर घेतलं तरी. तिथल्या माणसानं ते ट्यूबलाइटखाली उभं धरलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि एचडीएमआयची भोकं असतात ना, त्या मागच्या पत्र्यावर येऊन थांबला. स्क्रूच्या खाचेच्या कडेला तांबूस डाग होता, नखानं खरवडला तर निघेल एवढा. त्यानं फोटो काढला आणि फॉर्मवर लिहिलं, "गंज. फिजिकल डॅमेज. वॉरंटीबाहेर." बेळगावात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, कॅबिनेटच्या पत्र्याला काय सोडणार? चिप गेली होती आतली, त्या पत्र्याचा तिच्याशी काय संबंध? पण त्याच्या यादीत गंज होता आणि त्याचं बोट त्यावर होतं. सही करू नका, हे मला शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं कानात सांगितलं. त्या अनोळखी माणसाचे आजही आभार.

सुटलं ते १९१५ मुळं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनवर तक्रार नोंदवली, सगळ्या टिकिटांचे स्क्रीनशॉट जोडले, आणि पार्टनरला नव्हे, थेट ब्रँडच्या भारतातल्या कार्यालयाला ईमेल केला की यापुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्यानंतर त्यांची भाषाच बदलली. कार्ड मिळालं. नवं नव्हे, दुरुस्त केलेलं दुसऱ्याच कुणाचं तरी, पंख्याच्या कडेला ओरखडे. वॉरंटी उरली तेवढीच. एव्हाना लग्नसराई संपत आली होती.

हे एवढ्यासाठी सांगितलं की बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसते. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. दुकान पुण्यात असो, दिल्लीत असो, तुम्ही बेळगावातच दाखल करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. तरी मी वकील नाही, जायची वेळ आली तर एखाद्याला विचारून जा.

तर पुण्याचे दोन-तीन हजार विसरा. तुम्ही निपाणीत, तुम्हाला कोल्हापूर जवळ, सगळी खरेदी तिकडंच होत असणार हे कळतंय. कोल्हापुरात घ्यायला माझी ना नाही, पण बिल स्वतःच्या नावाचं आणि निपाणीच्या पत्त्याचं, ५९१ च्या पिनसकट. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. घेण्याआधी त्या ब्रँडच्या साइटवर जाऊन आपला पिन टाकून बघा की केंद्र कुठलं दाखवतंय, आणि तिथं फोन करून एकच विचारा: बाहेरच्या राज्याचं बिल चालतं का? काही ब्रँड फक्त सिरीयल नंबर बघतात, बिल मागतच नाहीत. मी तरी आता असाच ब्रँड घेतो, मग चिप एएमडीची लाल असो की एनव्हिडियाची हिरवी. बेळगावात खडेबाजारच्या बाजूला दोन-तीन दुकानदार स्वतः वॉरंटीला पाठवून देतात, त्याचे हजारभर जास्त घेतात. ते हजार मी हसत देतो.

बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, मागच्या पत्र्यासकट. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, सिलिकाच्या पुड्या कॅबिनेटमध्ये टाकल्या तरी चालतात.

कुठलं कार्ड, तर माझं स्पष्ट मत: ब्लेंडर हे मुख्य काम असेल तर एनव्हिडिया. ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सवर जसं पळतं तसं एएमडीच्या हिपवर अजून पळत नाही, कितीही लोक रागावले तरी. ५०६० टीआय घ्या, पण १६ जीबीचंच. ८ जीबीचं फुकट दिलं तरी तुमच्या कामाला नको, कारण ते कार्ड बोर्डशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि तुमचा मदरबोर्ड पीसीआयई ३ चा, म्हणजे जुन्या, हळू जोडणीचा आहे. मेमरी भरली की त्या अरुंद वाटेनं सगळं सिस्टीम रॅमकडं ये-जा करणार आणि रेंडर रांगणार. गेमिंगच जास्त असेल तर एएमडीचं ९०६० एक्सटी, १६ जीबी. ते पूर्ण सोळा लेन घेतं, जुन्या बोर्डावर शोभतं. इंटेलच्या बी५८० ला जुना सीपीयू मानवत नाही, रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सेटिंग) चालू केला तरी, तेव्हा १०४००एफवर तो नाद नको.

पहिल्या महिन्यात कुठलंच नवं कार्ड घेऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला काही ५०९० आणि ५०७० टीआय आरओपी (चित्र पूर्ण करणारे चिपमधले भाग) कमी घेऊनच कारखान्यातून निघाली होती, एनव्हिडियाने स्वतः कबूल केलं. अमेरिकेत बदलून मिळतं. आपल्याकडं काय होतं ते वर लिहिलंय.

आणि लाइट जाते-येते तेव्हा काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅटच मिळतात, १८० वॅटचं कार्ड, सीपीयू आणि मॉनिटर मिळून रेंडरच्या वेळी तो चीं-चीं करून बसेल. तुमच्या पॉवर सप्लायचं मॉडेल आणि वय टाका, बोर्डचं नावही. ५५० वॅट एवढंच लिहून भागत नाही, त्या आकड्यात चांगलेही असतात आणि फटाकेही. बघून सांगतो.