चैत्रोत्सवात आईला घेऊन नाशिकहून सप्तशृंगी गडावर स्वतःच्या गाडीने जाता येईल का?

गडाच्या पायथ्याच्या नांदुरी गावापर्यंत जाल. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या साधारण तिथेच अडवतात, पुढचा घाट एसटीने. वर गेल्यावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण आईंसाठी २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (उतारावरच्या रुळांवरून वर नेणारा डबा) सुरू आहे. रांग मात्र तिलाही असतेच.

यात्रा रामनवमी ते चैत्री पौर्णिमा. शेवटचे दोन दिवस टाळाच. खानदेशातून पायी आलेल्या दिंड्या तेव्हाच गडावर पोचतात. चतुर्दशीच्या मध्यरात्री दरेगावच्या गवळी घराण्यातले मानकरी शिखरावर ध्वज लावतात, तो बघायला गड नुसता फुललेला असतो. तुम्ही एकटे असता तर उलट त्याच रात्री जा म्हटलं असतं! आईंना सुरुवातीच्या दिवसांत, पहाटे न्या. पाणी आणि टोपी हवीच, ऊन फार असतं.